चार ओळींच्या कोडमधली न लिहिलेली गृहीतकं

जावास्क्रिप्टचा दोन-तीन वर्षं जुना कुठलाही प्रोजेक्ट उघडा, त्यात ‘युटिल्स’ नाहीतर ‘हेल्पर्स’ नावाची एक फाइल सापडणारच. तारीख हव्या त्या रूपात देणारं फंक्शन, रकमेत स्वल्पविराम घालणारं, यादी पिसणारं, ऑब्जेक्टची प्रत काढणारं. प्रत्येक जेमतेम चार-पाच ओळींचं. कुणी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेलं, कुणी आधीच्या नोकरीतून आणलेलं, हल्ली बरेचदा एआयने लिहून दिलेलं. यांना स्निपेट म्हणतात आणि यांच्यावाचून कुणाचंच काम चालत नाही. तेच ते दहा ठिकाणी लिहीत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून दहा ठिकाणी वापरणं केव्हाही बरं.

पण एवढासा कोड तपासतो कोण? रिव्ह्यूमध्ये मोठ्या बदलांवर चर्चा झडते, युटिल्समधल्या चार ओळींवरून नजर तशीच पुढे जाते. त्या चार ओळी लिहिताना लिहिणाऱ्याने मात्र बरंच काही धरून चाललेलं असतं. तो कुठल्या देशात बसला होता, त्याची लिपी कुठली, त्याच्या यादीत काय होतं, हे कमेंटमध्ये कुणी लिहीत नाही. कोड आपल्याकडे येतो तेव्हा ही गृहीतकंही गुपचूप सोबत येतात. नेहमीच्या वापरातले काही स्निपेट घेऊन ती नेमकी कुठे बसलेली असतात ते पाहू. कंस-अर्धविरामांसकट कोड इथे देत नाही. फंक्शनची नावं सांगतो, त्यावरून तो कुणालाही मिळेल.

तारखेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ‘आजची तारीख द्या’ याचा एका ओळीचा प्रसिद्ध स्निपेट असा आहे: नवा डेट ऑब्जेक्ट करा, त्यावर टू-आयएसओ-स्ट्रिंग चालवा आणि आलेल्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून घ्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. डेटाबेसला हवं तसं.

टू-आयएसओ-स्ट्रिंग तुमच्या घड्याळाची वेळ देतच नाही, ते कायम यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत हा स्निपेट भारतात बिनदिक्कत कालची तारीख सांगतो. पुण्यातला डेव्हलपर सकाळी अकराला लिहितो, टेस्टर दुपारी तीनला पाहतो, दोघांनाही बरोबर दिसतं. बग महिनोन् महिने लपून राहतो. तो सापडतो कुणाला? ज्याचं काम पहाटे चालतं त्याला. दूध संकलन केंद्रावर पहाटे पाचला घातलेलं दूध आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतं. रात्रपाळीच्या कामगाराची हजेरी एका दिवशी दोनदा लागते आणि दुसऱ्या दिवशी लागतच नाही.

हाच स्निपेट न्यू जर्सीत गेला की उलटा चुकतो. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी सातनंतर आणि उन्हाळ्यात आठनंतर तो उद्याची तारीख देऊ लागतो. लंडनमध्ये हिवाळाभर तो कधीच चुकत नाही, उन्हाळ्यात रात्री फक्त तासभर. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं लंडनचा माणूस डिसेंबरात म्हणाला, तर तो खोटं बोलत नसतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस स्थानिक वेळेनुसार वेगवेगळे काढून जोडणं. तेव्हा महिना शून्यापासून मोजला जातो हे लक्षात ठेवावं लागतं. १९९५ मध्ये भाषा घाईघाईने तयार झाली, तेव्हा तारखेचा भाग जवळपास जसाच्या तसा जावामधून उचलला होता. ही खोड तिथून आली. जावाने तो प्रकार पुढे बाजूला ठेवला, जावास्क्रिप्टला मात्र जुनी संकेतस्थळं मोडायची नव्हती, म्हणून महिने आजही शून्यापासून सुरू होतात.

ब्राउझरमध्ये एवढं पुरतं. सर्व्हरवर पुरत नाही, कारण तिथे ‘स्थानिक’ म्हणजे सर्व्हरचं स्थानिक, आणि क्लाउडवरची यंत्रं सहसा यूटीसीवर लावलेली असतात. म्हणजे एवढा खटाटोप करूनही पहाटेचा घोळ तसाच. तिथे भाषेतच असलेलं इंटल-डेट-टाइम-फॉरमॅट वापरून ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन नाव घेऊन सांगावा लागतो. इथेही एक गंमत आहे. ‘वापरणारा भारतात आहे का’ हे टाइमझोनच्या नावावरून ठरवणारे स्निपेट फिरत असतात. क्रोम मात्र बरीच वर्षं ‘एशिया/कलकत्ता’ हे जुनं नाव सांगत आला आहे. नुसती ‘कोलकाता’शी तुलना केली, तर अख्खा देश परदेशात जाऊन बसतो.

आता आकडे. रकमेत स्वल्पविराम घालणारा रेगेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र) तुम्ही पाहिलाच असेल. उजवीकडून दर तीन अंकांनंतर जागा शोधायची आणि तिथे स्वल्पविराम ठेवायचा. १२३४५६७८ दिले की १२,३४५,६७८ मिळतात. लिहिणाऱ्याने लाख-कोटी ऐकलेले नसतात, त्यामुळे त्याची चूक नाही. आपल्याला मात्र १,२३,४५,६७८ हवे असतात. मग कुणीतरी त्याच रेगेक्सला ठिगळं लावून शेवटचे तीन आणि पुढे दोन-दोन असं करतं, आणि ते उणे रकमेवर किंवा पैशांवर अडखळतं. यातलं काहीच लिहायची गरज नाही. इंटल-नंबर-फॉरमॅटला भारतीय इंग्रजीचा संकेत, म्हणजे ‘ईएन-आयएन’, दिला की लाख-कोटी बरोबर पडतात. रुपयाचं चिन्हही मिळतं.

‘एमआर-आयएन’ म्हणजे मराठीचा संकेत दिला, तर आकडे थेट देवनागरीत येतात. दिसायला छान, पण आता दुसरी बाजू बघा. हा मजकूर एखाद्या इनपुटच्या चौकटीत गेला आणि तिथून परत आकडा म्हणून वाचला, तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. ‘१२३’ दिलं तर ‘हा आकडा नाही’ असं उत्तर येतं. रेगेक्समध्ये ‘कुठलाही अंक’ या अर्थाने जी खूण वापरतात, तीही जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी शून्य ते नऊ एवढीच धरते. मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर भरणाऱ्या आजोबांना फॉर्म ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणतो तो यामुळेच. दहाच्या दहा आकडे बरोबर असतात, चूक तपासणाऱ्या स्निपेटची असते.

इथे खरोखरच स्वतःचा स्निपेट लिहावा, आणि तो एकाच ओळीचा आहे. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी. तिच्यात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढचे नऊ अंक त्याला लागून ओळीने. मजकुरातला प्रत्येक देवनागरी अंक शोधायचा, त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे, उरेल तो आकडा जागेवर ठेवायचा. तपासणी त्यानंतर. फॉर्म मराठीत असेल तर हा स्निपेट युटिल्समध्ये असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

लिपीचाच विषय निघालाय तर नावाच्या आद्याक्षरांचा स्निपेट घेऊ. प्रोफाइलला फोटो नसला की गोल चकतीत आद्याक्षरं दाखवायची पद्धत आहे. कोड सोपा: नाव मोकळ्या जागेवर तोडा, प्रत्येक शब्दाचं शून्याव्या क्रमांकाचं, म्हणजे पहिलं, अक्षर घ्या, जोडा. इंग्रजीत उत्तम चालतो. ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ दिलं की ‘प ल’ येतं. मराठीत आपण आद्याक्षर मात्रेसकट घेतो, पु. ल. म्हणतो, प. ल. कुणी म्हणत नाही. ‘श्रीकांत’चा नुसता ‘श’ उरतो, ‘कृष्णा’चा ‘क’.

याचं कारण असं की जावास्क्रिप्टच्या लेखी मजकूर म्हणजे अक्षरांची नाही, तर सोळा बिटांच्या तुकड्यांची माळ असते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर पाच येतं: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. वाचणाऱ्याला अक्षरं तीनच दिसतात. मजकूर उलटा करायचा जो स्निपेट मुलाखतीत हमखास विचारतात (तोडा, उलटवा, जोडा), त्यात ‘मराठी’ टाकून पाहा. ‘ीठारम’ मिळेल. वेलांटी अधांतरी लटकते आणि काना ‘र’ सोडून ‘ठ’ला जाऊन चिकटतो. ‘तोडण्याऐवजी तीन टिंबांचा स्प्रेड वापरा’ असा सल्ला मिळतो. त्याने इमोजी बऱ्याच अंशी सावरतात, मात्रा नाही, कारण युनिकोडच्या हिशेबात मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे.

खरा उपाय भाषेतच आहे, त्याचं नाव इंटल-सेगमेंटर. वाचणारा ज्याला एक अक्षर म्हणेल, तिथे तिथे तो मजकूर तोडतो. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, सफारीत २०२१ पासून, फायरफॉक्समध्ये यायला मात्र २०२४ उजाडलं. त्यामुळे जुन्या उत्तरांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. वापरताना एक बारकावा पाहावा लागतो. ‘नमस्ते’चे तुकडे पूर्वी चार पडायचे: न, म, स्, ते. युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला आणि त्यानुसार तुकडे तीन. तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) कुठली आवृत्ती आहे त्यावर उत्तर ठरतं. तेव्हा टेस्टमध्ये ‘लांबी चारच आली पाहिजे’ असं लिहून ठेवू नका.

लांब शीर्षक वीस अक्षरांवर कापून पुढे तीन टिंबं लावणारा स्निपेटही याच माळेतला. तो मधूनच पाय मोडून ठेवतो, आणि मग ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘महाराष्’ आणि पुढे टिंबं, असे मथळे मोबाइलवर दिसतात. हे काम शक्यतो सीएसएसवर, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेवर, सोपवावं.

लिपी आणि प्रांत बाजूला ठेवले तरी गृहीतकं पिच्छा सोडत नाहीत. यादी पिसण्याचा एका ओळीचा स्निपेट घ्या. सॉर्टला तुलना करणारं फंक्शन द्यायचं, आणि ते फंक्शन दरवेळी मॅथ-रँडममधून, म्हणजे शून्य ते एकमधल्या यादृच्छिक आकड्यातून, अर्धा वजा करून उत्तर देणार. म्हणजे दोन नावांत कोण आधी, हे सॉर्ट विचारणार आणि आपण नाणं उडवून सांगणार. हुशारीचं वाटतं, चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते तीन नावांवरच दिसतं.

तीन नावांचे सहा क्रम होतात. प्रत्येकाला सारखी संधी म्हणजे एक षष्ठांश. नाण्याच्या दोन फेकी केल्या तर चार शक्यता, तीन केल्या तर आठ, चार केल्या तर सोळा. यातल्या कुठल्याच आकड्याला सहाने नि:शेष भाग जात नाही. कितीही फेकी करा, काही क्रम जास्त वेळा येणारच. किती जास्त, ते त्या ब्राउझरची सॉर्ट करण्याची रीत ठरवते.

हा फक्त कागदावरचा दोष नाही. युरोपियन आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला युरोपातल्या विंडोज वापरणाऱ्यांपुढे ब्राउझर निवडण्याचा पडदा ठेवावा लागला. पाच मुख्य ब्राउझर, क्रम दरवेळी यादृच्छिक, कुणावर अन्याय नको. तो क्रम लावला होता याच सॉर्टच्या स्निपेटने. आयबीएममधल्या रॉब वीअर यांनी मोजून दाखवलं की, इंटरनेट एक्स्प्लोररमधून तो पडदा उघडला तर इंटरनेट एक्स्प्लोरर स्वतः जवळपास निम्म्या वेळा शेवटच्या जागी येतो. यायला हवा होता पाचातून एकदा. कट-कारस्थान यात काही नव्हतं. कुणीतरी चार ओळी उचलल्या, एवढंच. पुढे ते दुरुस्त झालं.

बरोबर रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्येच कागद-पेन्सिलीसाठी सांगून ठेवली होती, संगणकासाठीचं तिचं रूप १९६४ चं, डर्स्टनफेल्ड यांचं. यादीच्या शेवटच्या जागेपासून सुरुवात करा. त्या जागेपर्यंतच्या, म्हणजे तिच्यासकट आधीच्या जागांतून एक यादृच्छिक निवडा, अदलाबदल करा, एक पाऊल मागे या. या ‘त्या जागेपर्यंतच्या’मध्येच सगळी मेख आहे. दरवेळी अख्ख्या यादीतून निवडलंत तर तीन नावांना सत्तावीस शक्यता होतात, आणि सत्तावीसलाही सहाने भाग जात नाही. सोसायटीच्या पार्किंगची सोडत वगैरे काढायची असेल, तर मॅथ-रँडमही नको. क्रिप्टोमधलं गेट-रँडम-व्हॅल्यूज घ्या, नाहीतर सोडत हरलेल्या मजल्यावर कुणीतरी डेव्हलपर राहत असतो.

एकाच फंक्शनला वारंवार जाणाऱ्या हाका आवरणारी डिबाउन्स आणि थ्रॉटल ही जोडगोळी बहुतेकांना नावाने माहीत असते, पण कुठे कुठली वापरायची यात गल्लत होते. वडापवाल्याचं बघा. शेवटचा प्रवासी बसला की तो पाच मिनिटं वाट बघतो, तेवढ्यात कुणी आलं तर त्याची पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. कुणीच आलं नाही की गाडी काढतो. हा डिबाउन्स. एसटी दर अर्ध्या तासाला सुटते, गर्दी कितीही लोटली तरी मध्ये जादा गाडी नाही. हा थ्रॉटल. शोधाच्या चौकटीला डिबाउन्स, कारण टायपिंग थांबल्यावरच सर्व्हरला विचारायचं. स्क्रोलला थ्रॉटल, कारण लोक स्क्रोल करायचे थांबतच नाहीत. २०११ मध्ये ट्विटरचं पान स्क्रोल करताना रखडू लागलं होतं. तेव्हा जेक्वेरीचे जनक जॉन रेसिग यांनी हेच लिहिलं, की स्क्रोलच्या इव्हेंटला जड काम थेट बांधू नका.

डिबाउन्सचा स्निपेट म्हणजे एक टायमर, आणि प्रत्येक हाकेला जुना रद्द करून नवा लावणं. तो धरून चालतो की टायमर प्रत्येक वेळी तोच असेल. रिॲक्ट या पानं बांधायच्या लायब्ररीच्या कॉम्पोनंटमध्ये डिबाउन्स केलेलं फंक्शन दर रेंडरला, म्हणजे पडद्याचा तो भाग पुन्हा आखताना, नव्याने तयार केलं, तर दरवेळी नवा टायमर जन्मतो, जुन्याला कुणीच रद्द करत नाही आणि सर्व्हरला सगळ्या हाका जातात, फक्त उशिरा. दुसरं असं की डिबाउन्स हाका कमी करतो, उत्तरांचा क्रम सांभाळत नाही. ‘कोल्हा’चं उत्तर ‘कोल्हापूर’च्या उत्तरानंतर आलं, तर पडद्यावर कोल्हेच राहतात. त्याला जुनी विनंती रद्द करणारा अबॉर्ट-कंट्रोलर लागतो. इंग्रजीत टाइप करून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर शब्द पुरा व्हायच्या आधीही इनपुटचे इव्हेंट येत राहतात, तेव्हा इज-कम्पोझिंग (शब्द अजून जुळतोय का ते सांगणारी खूण) पाहून थांबावं.

ऑब्जेक्टची पूर्ण प्रत काढण्यासाठी त्याचं जेसन, म्हणजे साध्या मजकुरातलं रूप, करून परत वाचण्याची युक्ती आता सोडा. तिच्यात तारखेचा मजकूर होतो, अनडिफाइन्ड किमती गायब होतात, मॅप आणि सेट रिकामे पडतात. २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये स्ट्रक्चर्ड-क्लोन आहे. आत फंक्शन असेल तर तो सरळ एरर देतो, आणि गपचूप गाळण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं.

मग प्रश्न येतो, स्निपेट स्वतःच्या फाइलमध्ये ठेवायचा की एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या सार्वजनिक भांडारातून, पॅकेज घ्यायचं? लेफ्ट-पॅडचं प्रकरण यासाठी माहीत हवं. मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्यं भरून तो ठरावीक लांबीचा करणारं अकरा ओळींचं पॅकेज. त्याच्या लेखकाचं ‘किक’ या दुसऱ्या पॅकेजच्या नावावरून त्याच नावाच्या कंपनीशी वाजलं. एनपीएमने नाव कंपनीला दिलं. चिडून त्याने २२ मार्च २०१६ रोजी आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅडही गेलं. बेबेलसारखी मोठी साधनं कुठल्या तरी पायरीवर त्यावर उभी होती, त्यामुळे जगभर बिल्ड कोसळू लागले. काही तासांत एनपीएमने ते पॅकेज परत आणलं, आणि नंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. पुढच्याच वर्षी भाषेच्या प्रमाणित आवृत्तीत हेच काम करणारं पॅड-स्टार्ट आलं आणि लेफ्ट-पॅडची गरजच संपली.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. आधी भाषेत आहे का ते पाहायचं, आणि दरवेळी नव्याने पाहायचं, कारण दोन वर्षांपूर्वी नव्हतं ते आज असू शकतं. नसेल आणि काम दहा ओळींत होत असेल, तर स्वतःच्या फाइलमध्ये, टेस्टसकट. टाइमझोन, कूटलेखन, एचटीएमएल स्वच्छ करणं असली कामं मात्र नावाजलेल्या लायब्ररीकडेच. तिथे दहा ओळींत होतंय असं वाटलं, तर आपल्याला प्रश्न कळलेला नाही असं समजावं.

स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेल्या कोडला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. श्रेय द्यावं लागतं आणि बदललेला कोड त्याच अटींवर पुढे द्यावा लागतो. वर उत्तराची लिंक ठेवली तर श्रेय जातं आणि आणखी एक फायदा होतो. जावामध्ये फाइलचा आकार केबी-एमबीत दाखवणारा २०१० चा एक स्निपेट आहे, गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर सर्वाधिक नकललेला जावा स्निपेट म्हणून एका अभ्यासात तो पुढे आला. तो ९,९९,९९९ बाइटना ‘१ एमबी’ऐवजी ‘१००० केबी’ म्हणायचा. लेखकाने स्वतःच २०१९ मध्ये हे जाहीर केलं आणि उत्तर सुधारलं. ज्यांच्या कोडवर लिंक होती, त्यांना सुधारलेला कोड शोधायला एक क्लिक पुरला.

एआयकडून स्निपेट मागताना मी आता मागणीतच अटी घालतो: वेळ भारतीय, सर्व्हर यूटीसीवर, मजकूर देवनागरी, अंक दोन्ही लिप्यांतले. न सांगता मागितलं तर तेच टू-आयएसओ-स्ट्रिंग आणि तेच शून्यावं अक्षर परत येतं, कारण त्याने जे वाचलंय त्यात तेच भरलेलं आहे. टेस्टही त्याच अटींवर. नोडमध्ये टाइमझोन ठरवणारं टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आधी यूटीसी आणि मग ‘एशिया/कोलकाता’ ठेवून टेस्ट दोनदा चालवाव्यात, टेस्टमधलं घड्याळ रात्री साडेबारावर लावून.